सात उंदरांची पार्टी आणि निमंत्रण नसलेली तंबाखू

व्यसन या विषयावर शाळेत बोलायचे म्हटले की आपल्याकडे ठरलेले दोन-तीन प्रकार घडतात. कोणी पाहुणे येतात, कर्करोगाने पोखरलेल्या जबड्यांची छायाचित्रे दाखवतात आणि जाताना मुलांना हात पुढे करायला लावून शपथ देतात. नाही तर घोषवाक्यांची आणि रांगोळ्यांची स्पर्धा होते. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत येतो, त्यामुळे तोही शाळेच्या फारसा कामाचा नाही. या सगळ्यात नववी-दहावीतल्या मुलाच्या मनातला खरा प्रश्न तसाच राहून जातो. तो प्रश्न असा की, हे इतके वाईट आहे असे सगळे सांगतात, पुडीवर चित्रही छापलेले असते, तरी आपल्या घरातला शहाणासुरता माणूस ते सोडत का नाही? या प्रश्नाला ‘त्याची इच्छाशक्ती कमी पडते’ हे उत्तर पुरत नाही, आणि मुलांना ते पटतही नाही. उत्तर मेंदूत शोधावे लागते, आणि मेंदू डोळ्यांना दिसत नाही. ‘माउस पार्टी’ या विनामूल्य शैक्षणिक साधनाचे हे परीक्षण त्या अडचणीच्या संदर्भात लिहिले आहे. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो आणि हे साधन वर्गात वापरत आलो आहे.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या जेनेटिक सायन्स लर्निंग सेंटरने ‘लर्न जेनेटिक्स’ या आपल्या संकेतस्थळावर ते ठेवले आहे. नोंदणी नाही, शुल्क नाही. पूर्वी ते फ्लॅश या संगणकीय तंत्रावर चालत असे. २०२० अखेर फ्लॅश बंद झाले आणि त्यासोबत विज्ञानाची कितीतरी चांगली शैक्षणिक साधने अडगळीत गेली, पण हे नव्या स्वरूपात टिकून राहिले. पडद्यावर नशेत असलेले सात उंदीर दिसतात आणि प्रत्येकाची नशा वेगळी असते: हेरॉइन, एक्स्टसी, गांजा, मेथअॅम्फेटामाइन, दारू, कोकेन आणि एलएसडी. आपण एकेक उंदीर उचलून खुर्चीत बसवायचा. मग त्याच्या मेंदूत शिरून आपण थेट दोन चेतापेशींमधल्या फटीपाशी पोहोचतो. तिथे आधी नेहमीचा व्यवहार कसा चालतो ते दिसते आणि त्यानंतर त्या पदार्थाचे रेणू येऊन त्यात काय गोंधळ घालतात ते दिसते. एकेका उंदराला फार वेळ लागत नाही. एका तासिकेत तीन-चार उंदीर सावकाश, प्रश्नोत्तरांसह होतात.

साधनाचा खरा कस कोकेनच्या उंदरात लागतो, म्हणून तो जरा तपशिलात सांगतो. डोपामाइन हा सुखाच्या जाणिवेशी जोडलेला संदेशवाहक एका चेतापेशीतून बाहेर पडतो, फट ओलांडून समोरच्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूंना, चिकटतो, आपले काम करतो आणि सुटतो. सुटल्यावर त्याला परत आत ओढून घेणारे वाहक पहिल्या पेशीच्या भिंतीत बसवलेले असतात. कोकेन नेमके या वाहकांना अडवते, त्यामुळे डोपामाइन फटीतच अडकून राहते आणि समोरच्या ग्राहींवर पुन्हा पुन्हा आदळत राहते. वर्गात मी हे मोरीच्या उदाहरणाने सांगतो: नळ तेवढाच चालू आहे, पण मोरीच्या तोंडाला बोळा बसला, तर पाणी पायाशी तुंबणारच. मेथअॅम्फेटामाइनच्या उंदरात याच्या पुढची पायरी दिसते. तो पदार्थ डोपामाइनचे सोंग घेऊन वाहकांतूनच आत शिरतो, आतल्या साठ्याच्या पिशव्यांमधून डोपामाइन बाहेर काढतो आणि वाहक उलटे चालू लागतात, म्हणजे मोरीतूनच पाणी वर येऊ लागते. दोन्ही पदार्थ ‘उत्तेजक’ या एकाच शीर्षकाखाली पाठ केलेल्या मुलांना त्यांच्या कामाच्या पद्धतीतला हा फरक लगेच कळतो, आणि दोन्ही उंदीर एकापाठोपाठ पाहून तुलना करता येते. पुस्तकातल्या स्थिर आकृतीत हे जमत नाही. कोकेन शरीराच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातही काम करते, म्हणून माणूस चुळबुळत राहतो, स्वस्थ बसू शकत नाही, हा बारकावाही साधनाने सोडलेला नाही.

दारूच्या उंदराची मांडणी तर माझ्या मते या सातांत सर्वांत उपयुक्त आहे. मेंदूत एक संदेशवाहक थोपवण्याचे काम करतो, तो गाबा. दुसरा चेतवण्याचे करतो, तो ग्लुटामेट. दारू गाबाचा थोपवण्याचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचे चेतवणे रोखते, म्हणजे एकाच वेळी ब्रेकवर पाय आणि इंजिन बंद. स्मृती, निर्णय आणि आवेगांवरचा ताबा यांच्याशी संबंधित भागांवर हा परिणाम विशेष होतो. ‘दारू प्यायल्यावर अंगात जोर येतो’ ही समजूत मुलांमध्ये पक्की असते. लग्नाच्या वरातीत नाचणारे काका त्यांनी पाहिलेले असतात. दारू मेंदूला चेतवत नाही, उलट ज्या भागाने काकांना ‘पुरे आता’ असे सांगायचे तोच भाग ती आधी झोपवते, हे पडद्यावर दिसल्यावर वर्गात जे हसू फुटते त्यात समजल्याची खूण असते.

आपल्या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने या साधनाचे एक महत्त्व आहे, आणि परदेशी परीक्षणांत ते सापडणार नाही. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मज्जासंस्था येते, चेतापेशीची आकृती येते, मेंदूचे भाग येतात. व्यसनाधीनता येते ती दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, ‘सामाजिक आरोग्य’ या प्रकरणात, ताणतणाव आणि सायबर गुन्ह्यांच्या सोबतीने. नववीत आकृती काढून गुण मिळवायचे, दहावीत दुष्परिणाम लिहून गुण मिळवायचे. त्या आकृतीत जे घडते त्यामुळेच हे दुष्परिणाम होतात, हा दुवा जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. ‘माउस पार्टी’ तो दुवा जोडते. नववीत चेतापेशीची आकृती नीट काढलेल्या मुलाला फटीपलीकडे काय होते हे दहावीत इथे कळते, आणि ‘व्यसन म्हणजे वाईट सवय’ या वाक्यापलीकडे तो प्रथमच जातो.

दुसरे श्रेय सुराचे आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात मुलांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्याचे मोठे प्रयत्न झाले. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम गणवेशातल्या पोलिसांना वर्गात घेऊन गेला. १९८७ साली तव्यावर तडतडणारे अंडे दाखवून ‘हा तुमचा नशेतला मेंदू’ असे सांगणारी जाहिरात घरोघरी पोहोचली. ‘डेअर’च्या जुन्या अभ्यासक्रमाचे नंतर जे अभ्यास झाले त्यांत मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर टिकाऊ परिणाम आढळला नाही. कारण उघड आहे. मुलाला भीती दाखवली, आणि मग मोठ्या भावाचा मित्र एकदा गांजा ओढूनही दुसऱ्या दिवशी धडधाकट कॉलेजला गेलेला त्याने पाहिला, की त्या क्षणी सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो. पुढे त्याने खरे सांगितले तरी ते थापच वाटते. ‘माउस पार्टी’ भीती दाखवत नाही, उपदेश करत नाही. हे पदार्थ सुख देतात, ही गोष्ट ती लपवत नाही. उलट ते सुख कुठून आणि कसे येते तेच सांगते. आपण दाखवत आहोत ते प्रत्यक्ष घडणाऱ्याचे फार सोपे केलेले रूप आहे, पूर्ण कहाणीचा छोटा भाग आहे, अशी सूचनाही सोबत दिली आहे. शैक्षणिक साधनांत असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

प्रामाणिकपणाची किंमतही असते. पडद्यावर हेरॉइनचा उंदीर झाल्यावर, डोपामाइनचे ठिपके फटीत भरून वाहत असताना, मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग यातला सगळ्यात भारी कोणता?’ वर्ग हसला. मुलाने वात्रटपणा केला असे मी मानत नाही. त्याने चित्राचा अचूक अर्थ लावला होता. साधन जेवढे दाखवते तेवढ्यावरून हाच प्रश्न निघतो, आणि इथेच त्याचा मुख्य दोष उघडा पडतो. नावाप्रमाणे ते खरोखर ‘पार्टी’च दाखवते: एका संध्याकाळचा मेंदू. पहिल्या डोसने फटीत काय होते ते आपण पाहतो. शंभराव्या डोसनंतरचा मेंदू कुठेही दिसत नाही, आणि व्यसन नावाची गोष्ट तर तिथेच राहते.

पूर वारंवार येऊ लागला की समोरची पेशी स्वतःला सावरते. डोपामाइनच्या ग्राहींपैकी काही कमी होतात. मेंदूसंशोधक नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पेट स्कॅन या मेंदूचे काम दाखवणाऱ्या चित्रणाच्या साहाय्याने कोकेनचे व्यसन असलेल्या माणसांच्या मेंदूत हे दाखवले. परिणामी तोच डोस पुरेनासा होतो आणि, याहून वाईट म्हणजे, क्रिकेट, मित्रांच्या गप्पा, आईच्या हातचे जेवण ही साधी सुखेही फिकी पडतात. माणूस मजेसाठी घेणे थांबवून केवळ नेहमीसारखे वाटावे म्हणून घेऊ लागतो. ‘सगळ्यात भारी कोणता’ या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे: जो जास्त भारी, तो लवकर फिका पडतो आणि जाताना बाकीची चवही घेऊन जातो. हे उत्तर शिक्षकाला पदरचे द्यावे लागते, कारण उंदरांजवळ ते नाही.

खुणांचा भागही तसाच गाळलेला आहे. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की फळाच्या रसाचे थेंब मिळण्यापूर्वी ठरावीक खूण दाखवत गेले, तर काही काळाने डोपामाइनच्या चेतापेशी रस मिळाल्यावर नव्हे, खूण दिसल्यावरच पेटतात. सोडून वर्ष झालेला माणूस टपरीसमोरून जाताना का थबकतो, ते यावरून मुलांना समजते. त्याच्या तोंडात अजून काही गेलेले नाही, मेंदू मात्र आधीच हलला आहे. आणि खऱ्याखुऱ्या उंदरांचीच कहाणी हवी असेल तर १९५४ साली मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी केलेला प्रयोग हाताशी आहे. मेंदूच्या विशिष्ट भागात बारीक तार बसवलेले त्यांचे उंदीर, त्या भागाला विजेचा सौम्य धक्का मिळावा म्हणून, दांडी दाबतच राहिले. या एका प्रयोगाने ‘सोडत का नाहीत’ या प्रश्नाला जेवढे उत्तर मिळते तेवढे सात नाचणाऱ्या उंदरांनी मिळत नाही. साधनाच्या कर्त्यांनी एक आठवा उंदीर, पार्टीनंतर वर्षभराने खुर्चीत बसलेला, दाखवायला हवा होता, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

आठव्या जागेवर आणखी एकाचा हक्क आहे. या पार्टीत तंबाखू नाही. सिगारेट नाही, चघळण्याची तंबाखू नाही, निकोटिनचे नावही नाही. युटामध्ये बसून हे साधन तयार करणाऱ्यांनी बेकायदा पदार्थांवर आणि दारूवर भर दिला हे समजण्यासारखे आहे, पण महाराष्ट्रातल्या वर्गासाठी ही उणीव क्षुल्लक नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीनुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नव्हते. चघळत होते, मळत होते, दातांना लावत होते. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी एलएसडी पाहिलेला एकही नसेल, पण आजीची मिश्रीची डबी, वडिलांच्या खिशातली चुन्याची डबी आणि प्लास्टिकच्या कागदात घोळवलेला मावा सगळ्यांनी पाहिलेला असतो. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायलाही कायद्याने मनाई आहे. ही अंतरे आणि बंद्या प्रत्यक्षात किती पाळल्या जातात ते मुले आपल्यापेक्षा जास्त जाणतात.

म्हणून तंबाखूचा पाठ मी स्वतः जोडतो, आणि तो सुरू करायला एक हात पुरतो. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखाने घेतलेला चुना, उजव्या अंगठ्याने मळणे, मग दोन थापा मारून भुकटी उडवणे: ही क्रिया वर्गातला कोणीही डोळे मिटून करून दाखवू शकतो. चुना कशासाठी, हे मात्र कोणी विचारलेले नसते. चुन्यामुळे मिश्रण आम्लारिधर्मी होते, त्या स्थितीत निकोटिन मुक्त रूपात येते आणि ओठाच्या आतल्या त्वचेतून सहज रक्तात शिरते. आम्ल-आम्लारीचा धडा, लिटमसचा कागद आणि घरातला एक नेहमीचा प्रसंग एकाच वाक्यात जुळतात, आणि ‘चव येते म्हणून लावतात’ या समजुतीच्या जागी कारण येते. पुढचा प्रवास ‘माउस पार्टी’ पाहिलेल्या मुलांना ओळखीचा वाटतो. अॅसिटिलकोलिन या आपल्याच संदेशवाहकाचे काही ग्राही निकोटिनलाही प्रतिसाद देतात. निकोटिन त्यांना चेतवते आणि त्या वाटेने डोपामाइन वाढते. सिगारेटच्या झुरक्यातून ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, गालातल्या गोळीतून हळू, पण जास्त वेळ मिळत राहते. सतत माऱ्यामुळे या ग्राहींची संख्या उलट वाढते. शरीरातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते, वाढलेले ग्राही रिकामे राहतात, आणि माणूस चिडचिडा होऊन खिसा चाचपतो. ‘तंबाखू खाल्ल्यावर डोके शांत होते’ असे वडील सांगतात ते खोटे नसते, पण ज्या अशांततेवर ती औषध ठरते ती मागच्या चिमटीनेच आणलेली असते.

द्रव्ये हुंगण्याचे व्यसनही साधनात नाही. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन दुकानात उघड मिळते, कमी पैशांत मिळते, आणि पालकांच्या लक्षात येत नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, प्रौढांपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जास्त आढळलेला हा एकमेव गट होता: मुले व किशोरवयीन १.१७ टक्के, प्रौढ ०.५८ टक्के. हा विषय काढताना शिक्षकाने तारतम्य ठेवावे. काय हुंगतात याची यादी वर्गात वाचून दाखवणे म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ठाऊक करून देणे होय.

आता ज्यांच्यासाठी हे साधन आहे त्यांच्याच मेंदूबद्दल. पार्टीतल्या उंदरांना वय नाही. पंधराव्या वर्षी आणि पस्तिसाव्या वर्षी तोच पदार्थ घेतला तर फरक काय पडतो, हा कुमारवयीनांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा तिथे येत नाही. सुखाच्या वाटा आधी तरतरीत होतात. परिणामांचा विचार करणारा, आवेगाला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत असतो. लहान वयात सुरुवात केलेल्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त असतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. हे मुलांना सांगण्याची पद्धत मात्र जपावी लागते. ‘तुमचा मेंदू अजून कच्चा आहे’ असे म्हटले की मुले कान बंद करतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. त्याऐवजी हे सांगावे की या वयात मेंदू नवे फार वेगाने शिकतो, म्हणूनच तबला, गणित आणि दुसरी भाषा आत्ता लवकर येते. व्यसन ही मेंदूच्या लेखी शिकण्याचीच एक जात असल्यामुळे तेही तितक्याच वेगाने अंगवळणी पडते. यात अपमान नाही आणि विज्ञानाशी तडजोडही नाही.

मेंदूविज्ञानाच्या या सगळ्याच पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो. १९९७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अॅलन लेशनर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात व्यसन हा मेंदूचा आजार आहे अशी ठाम मांडणी केली आणि त्यानंतर सरकारी साहित्यात तोच सूर रूढ झाला. त्याने व्यसनी माणसाकडे पाहण्याची दृष्टी निश्चित सुधारली. पण सगळे रेणूंवर ढकलले की माणूस, घर आणि गल्ली नजरेआड होतात. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर काय झाले याचा संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्यांना घरी आल्यावर व्यसनाने पुन्हा गाठले नव्हते. पदार्थ तोच होता आणि ग्राहीही तेच होते. भोवताल बदलला होता. ‘माउस पार्टी’त उंदीर एकेकटा खुर्चीत बसतो. त्याला पार्टीला कोणी आणले, तो नाही म्हणाला असता तर मित्र काय म्हणाले असते, घरी त्याची वाट कोण पाहत होते, यांना चित्रात जागा नाही. ज्या मुलाचे वडील पितात त्याने हा पाठ पाहून ‘माझ्या बापाचा मेंदू बिघडला, आता काही होणार नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो आपला अपराध ठरेल. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून १९८६पासून माणसे बरी होऊन संसारात परतत आली आहेत, हे त्याच तासात सांगितले गेले पाहिजे.

जोड म्हणून काय वापरावे? त्याच संकेतस्थळावर व्यसनावरची इतर पाने आहेत. अनुवंशिकतेचा भाग आणि पदार्थ शरीरात घेण्याच्या पद्धतींवरचा भाग वाचण्यासारखा आहे, कारण मेंदूत पोहोचण्याचा वेग वाढला की व्यसन जडण्याची शक्यता वाढते हे त्यातून स्पष्ट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेची, म्हणजे ‘नायडा’ची, ‘माइंड मॅटर्स’ ही मालिका पाचवी ते नववीच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात निकोटिन व तंबाखूवर स्वतंत्र पुस्तिका आहे. भाषा सोपी, चित्रे मात्र ठीकठाक. ज्यांना पूर्ण अभ्यासक्रमच हवा त्यांच्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००० साली काढलेला, व्यसनाच्या आधारे मेंदूविज्ञान शिकवणारा पाच पाठांचा संच आहे. त्यात कॅफीन घेण्यापूर्वीचे आणि नंतरचे हृदयाचे ठोके मोजण्याचा प्रयोग आहे. चहाच्या आपल्या देशात तो करायला काहीच खर्च येत नाही. संच जुना झाला आहे, पण त्यातली बैठक पक्की आहे.

हे पाहिल्यावर मोबाइलचा प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा तो पालकसभेत येतो. ‘रील म्हणजे कोकेनच’ अशा वाक्यांना हे साधन खतपाणी घालत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. डोपामाइन पुरणपोळीनेही वाढते. वाढ किती, किती वेगाने आणि मोरी उघडी राहते की नाही, यात फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगशी संबंधित विकाराला आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्थान दिले आहे हे खरे, पण रोज तासभर खेळणारा प्रत्येक मुलगा त्या व्याख्येत बसत नाही.

व्यावहारिक बाजू थोडक्यात. मजकूर इंग्रजीत आहे आणि तो पडद्यावर वाचत बसलो तर मराठी माध्यमाचा वर्ग हातचा जातो. शिक्षकाने आधी एकट्याने पाहून, चित्र चालू ठेवून मराठीत स्वतः बोलणे हाच उपाय आहे. प्रोजेक्टर हवा, इंटरनेट बरे हवे. क्रम माझ्या मते दारू, कोकेन, मेथअॅम्फेटामाइन, मग गांजा असा ठेवावा. हेरॉइन दहावीला दाखवावे, त्याखाली नाही, कारण थोपवणाऱ्यालाच थोपवल्यामुळे डोपामाइन सुटते ही दोन पायऱ्यांची साखळी लहान मुलांना गोंधळात टाकते. एक्स्टसी आणि एलएसडी वगळले तरी काही बिघडत नाही. मुलांना घरी एकट्याने पाहायला सांगू नये. समोर उत्तर द्यायला कोणी नसेल तर ‘भारी कोणता’ हा प्रश्न तसाच सोबत जातो. विज्ञानाचे साधन म्हणून मी याला पाचपैकी चार गुण देईन, व्यसनप्रतिबंधाचे साधन म्हणून दोन. आणि हे दोन गुण शिक्षक सोबत असेल तरच. मदत कुठे मिळते हे साधनात अर्थातच नाही, तेव्हा तास संपण्यापूर्वी फळ्यावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या विनामूल्य सेवेचा क्रमांक लिहावा. तो तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो, कर्करोगाच्या चित्राखाली, आणि घरी जाऊन तो शोधून काढण्याचा गृहपाठ मुले कधीही विसरत नाहीत.